युद्धकाळातल्या जीपचे बसलेले पाटे : कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या नोंदी

६ जानेवारी २०२४

गाडी दुसऱ्या महायुद्धातली आहे, फोर्ड जीपीडब्ल्यू. ही जीप विलीज आणि फोर्ड अशा दोन कंपन्यांनी बनवली. फ्रेमची पुढची आडवी दांडी गोल पाइपची असली तर विलीज, उलट्या यू-आकाराची असली तर फोर्ड. आमची फोर्ड निघाली. काही बोल्टांच्या डोक्यावर अजून ‘एफ’ दिसतो. बाकी अंगावर विलीजचे आणि महिंद्राचे भाग भरपूर आहेत. ऐंशी वर्षांच्या गाडीत ते असणारच. स्टेअरिंग मात्र अजून डावीकडंच आहे, कुणी उजवीकडं फिरवलेलं नाही. ही गोष्ट पुढं महत्त्वाची ठरली म्हणून आधीच लिहून ठेवतो.

गगनबावडा रस्त्यावरच्या एका मळ्यातून गाडी आणली. इंजिन चालतं, बॉडी बरी आहे. पण समोरून बघितलं की डावीकडं कललेली, आणि डावीकडं वळताना टायर मडगार्डला घासतो. मळ्याचे मालक म्हणाले, “शॉकअप बदललंय की नवं, तरी न्हाई उचलली.” चारही शॉकअप नवेकोरे आहेत खरे. त्यांना पाच हजारांवर खर्च आला म्हणे. शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही, उसळी फक्त थांबवतो. या जीपमध्ये सगळं वजन पाट्यांवर, म्हणजे एकावर एक बांधलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंगांवर. गाडी खड्ड्यातून गेल्यावर झुलत राहिली तर शॉकअप बघावा. उभी गाडी खाली बसली असेल तर शॉकअपला हात लावायचं कारण नाही.

आज फक्त मापं घेतली. चारही टायरांत ३५ पाउंड हवा भरली आणि गवंड्याची पाण्याची नळी लावून शेडमधली त्यातल्या त्यात सपाट जागा शोधली. माप जमिनीपासून घेतलं नाही, ॲक्सलच्या नळीपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत घेतलं. जमिनीपासून घेतलं तर टायरची झीजही त्यात मिसळते.

पुढं डावी बाजू उजवीपेक्षा १ इंच ५ सूत खाली (आठ सूत म्हणजे एक इंच). मागं डावी ६ सूत खाली.

मग मागची बाजू जॅकनं सपाट करून पुढचं माप पुन्हा घेतलं. फरक १ इंच १ सुतावर आला. म्हणजे पुढचा काही कल मागून येत होता. एका कोपऱ्याचा पाटा बसला तर फ्रेम समोरच्या कोपऱ्यावरही खेळ करते. एवढं बघितलं नाही तर चांगला पाटा उगाच भट्टीत जातो.

१३ जानेवारी

पाटे उतरवायला घेतले. या जीपचे चारही पाटे ॲक्सलच्या खाली बसतात, यू-बोल्ट वरून येतात आणि नट खालच्या प्लेटला. फ्रेमखाली दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या, वर लाकडाचे ठोकळे. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कुणी शिरायचं नाही, हा आमच्या शेडचा नियम आहे.

यू-बोल्ट तासाभरात निघाले. दिवस गेला तो शॅकलांवर.

या गाडीचं शॅकल म्हणजे पाट्याचं एक टोक फ्रेमला जोडणारी यू-आकाराची जाड सळई. दोन्ही पायांना आटे असतात. प्रत्येक पाय एका बुशमध्ये फिरतो. एक बुश फ्रेमच्या ब्रॅकेटात आटलेला, दुसरा पाट्याच्या आयमध्ये, म्हणजे टोकाला वळवलेल्या गोल भोकात. रबर कुठंच नाही. लोखंडावर लोखंड फिरतं, मध्ये ग्रीस. ग्रीस वेळेवर दिलं तर हे वर्षानुवर्षं चालतं, नाही दिलं तर सगळं मिळून एकच लोखंड होतं. आमच्याकडं दुसरा प्रकार झाला होता.

आदल्या दिवशीच डिझेल आणि जुनं गिअर ऑइल मिसळून सोडून ठेवलं होतं. तीन शॅकलं कुरकुरत सुटली. डावं पुढचं हलेना. मदतीला आलेल्या पोरानं पान्याला चार फुटी पाइप घातला आणि लोंबकळला. कट्ट असा आवाज आला, सगळ्यांना वाटलं सुटलं. सुटलं नव्हतं. बुशचं डोकं अर्धं गोल झालं आणि शॅकलचा पाय तुटून आत राहिला.

कारण नंतर कळलं. त्या शॅकलचा पाट्याकडचा आटा डावा होता. आम्ही सोडतोय समजून आवळत होतो. जे कुणी हे काम काढणार असतील त्यांनी एवढं बघावं: डाव्या आट्याच्या बुशच्या षटकोनी डोक्याभोवती एक बारीक खाच असते, आणि त्या शॅकलच्या पायावर छोटा उंचवटा असतो. आमच्या बुशच्या डोक्यावरची खाच रंग, ग्रीस आणि मळ्याच्या मातीनं पार भरून गेली होती. पाना लावण्याआधी चारही डोकी तारेच्या ब्रशनं घासली असती तर शॅकल वाचलं असतं. हे दोन मिनिटांचं काम आहे.

२० जानेवारी

पाटे सुटे केले. पुस्तकाप्रमाणं पुढच्या पाट्यात ८ पानं आणि मागच्यात ९, रुंदी सगळ्यांची पावणेदोन इंच. पुढचा पाटा सव्वाछत्तीस इंच लांब, मागचा ४२.

हाती आलं ते असं: पुढच्या डाव्यात ८ पानं, पण त्यातली दोन कुठल्यातरी ट्रॉलीची कापून घातलेली. टोकं गॅसनं कापल्याचं स्पष्ट दिसतं. पुढच्या उजव्यात १० पानं. मागच्या डाव्याचे क्लिप गायब. मागचा उजवा, नशिबानं, मूळचा आणि धड.

तडा शोधायला जुनी पद्धत वापरली. पानं घासून डिझेलमध्ये ठेवली, कोरडी पुसली आणि वर खडूची पूड चोळली. तडा असेल तर आत शिरलेलं तेल हळूहळू खडूवर येतं आणि काळी रेघ उमटते. मागच्या डाव्याच्या मेन पाट्यात, म्हणजे सगळ्यात लांब पानात, सेंटर बोल्टच्या भोकापासून कडेकडं जाणारी रेघ उमटली. हा पाटा तसाच राहिला असता तर पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबिळाच्या चढावर कधीतरी दोन तुकडे झाले असते.

२७ जानेवारी ते ४ फेब्रुवारी

पाटे एका दुकानात दिले. कुठल्या ते लिहीत नाही. शहरात लौकर काम करून देणारी अशी दुकानं बरीच आहेत आणि ट्रॉलीच्या पाट्याला ती पद्धत खपूनही जाते. त्यांनी भट्टीत पानं लाल केली, ठोकून कमान दिली आणि तेलात बुडवून काढली. उजव्यातली दोन पानं काढून डाव्यात घातली, “म्हंजे डावी उचलंल.” तुटका मेन पाटा बदलून जुन्यातलाच एक लावला. ४,५०० रुपये.

दिसायला पाटे झकास. कमान अशी की गाडी बसवल्यावर पुढून एकदम उंच. शेडमध्ये सगळे खूश. तुटलेल्या शॅकलच्या जागी तात्पुरतं एक जुनं घातलं.

११ फेब्रुवारी

चालवून बघितलं. रंकाळ्याकडून फुलेवाडीपर्यंत गेलो तेवढ्यात कंबर बोलायला लागली. गाडी खड्ड्यात दबतच नाही, सगळा दणका थेट सीटला.

खाली वाकून बघितलं. कमान गरजेपेक्षा जास्त दिली की पाट्याच्या दोन टोकांमधलं अंतर कमी होतं. त्यानं शॅकलं आतल्या बाजूला ओढली गेली होती आणि एक तर फ्रेमला टेकायला आलं होतं. पाटा दबताना लांब होतो. त्याला जागा शॅकल देतं. शॅकलच असं अवघडलं असेल तर पाटा दबणार कसा? शिवाय पुढची बाजू उंच झाल्यानं ड्रॅग लिंकचा, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकांकडं जाणाऱ्या दांडीचा, कोन बदलला. खड्ड्यावर चाक वर-खाली झालं की स्टेअरिंग आपोआप ओढ घेतं. चाळीसच्या वर न्यायची हिंमत झाली नाही.

“बसंल हळूहळू, नवं हाय,” असं दुकानातून सांगितलं. बसलं, हे खरं.

२५ फेब्रुवारी

डावी पुढची बाजू पुन्हा १ इंच खाली. उजवी अर्ध्या इंचानं. शाहूपुरीतल्या एका गतिरोधकावर डाव्या पाट्यातलं चौथं पान मोडलं. आवाज ऐकून मागचा रिक्षावाला थांबला.

मोडलेलं पान आणि एक धड पान घेऊन ओळखीच्या एका कारखान्यात गेलो. तिथं हार्डनेस तपासायचं यंत्र आहे. पाट्याला रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर साधारण ४२ ते ४६ असायला हवं. धड पानाच्या मध्यावर २८ आलं. मोडलेल्याच्या टोकाकडं ५३. एकाच भट्टीत, एकाच दिवशी झालेली ही पानं.

असं होण्याचं कारण साधं आहे. पाट्याचं पोलाद लाल करून तेलात घातलं की ते कडक होतं पण ठिसूळ राहतं. मग त्याला पुन्हा कमी तापमानावर ठेवून पाणी उतरवावं लागतं. ती दुसरी पायरी झालीच नव्हती. आणि जी पानं तेलात जाईपर्यंत थंड झाली ती नुसतीच मऊ पडली. मऊ पान बसतं, कडक पान मोडतं. आमच्या पाट्यात दोन्ही होती. कोळशाच्या भट्टीत रंगावर अंदाज घेणारे जुने लोहार होते आणि त्यांना ते जमायचं, पण एकेका पानाला ते वेळ द्यायचे. घाईच्या दुकानात तो वेळ नाही.

ज्या शहरात ओतकाम आणि हीट ट्रीटमेंटचे कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत तिथं पाटे अंदाजानं तापवायचं काही कारणच नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. ४,५०० पाण्यात.

२ मार्च

पर्याय तीन होते.

महिंद्राच्या जुन्या सीजे-थ्री-बी जीपचे पाटे घालायचे. रुंदी-लांबी जुळते. पण नागरी जीपच्या पुढच्या पाट्यात पानं जास्त, माणसं आणि माल भरायच्या हिशेबानं. हलक्या लष्करी जीपला ते कडक पडतात. फिरायला वापरणाऱ्यानं खुशाल घालावेत, स्वस्त पडतं. आम्हाला गाडी मूळच्या चालीवर आणायची होती.

बाहेरून तयार संच मागवायचा. किंमत ऐकून विषय तिथंच संपला.

तिसरा: जी पानं भट्टीत गेलेली नाहीत ती थंडच कमानीला आणायची, आणि जी वाया गेली ती नव्या पट्टीतून करून रीतसर हीट ट्रीटमेंट द्यायची. हाच धरला.

ईएन-४५ ची, म्हणजे पाट्याच्या पोलादाची, पट्टी उद्यमनगरातच मिळाली. पण बाजारात रुंदी ४५ मिमी. पावणेदोन इंच म्हणजे ४४.४५. अर्ध्या मिमीनं पट्टी ब्रॅकेटात अडकते, म्हणून दोन्ही कडा ग्राइंडरवर सारख्या घासून घेतल्या. पट्टीचे २,१०० रुपये.

९ मार्च ते २३ मार्च

नव्या पानांची टोकं वळवणं, भोकं पाडणं हे काम कडक होण्याआधी करून घेतलं. सेंटर बोल्टचं भोक पाडल्यावर दोन्ही बाजूंच्या कडा गोल घासल्या. तडा तिथूनच सुरू होतो, जुन्या मेन पाट्यानं ते दाखवलंच होतं.

हीट ट्रीटमेंट गोकुळ शिरगावला. तिथं दर किलोवर असतो, पण आमच्या मूठभर पट्ट्यांसाठी कुणी भट्टी पेटवत नाही. दुसऱ्याच्या मोठ्या कामात आपलं सामान बसवायचं, आणि ते काम त्याच प्रकारच्या पोलादाचं असलं पाहिजे. त्यात दोन आठवडे गेले. कमीत कमी बिल १,५०० होतं तेवढं दिलं. साधारण ८७० अंशांवर तापवून तेलात, मग ४५० च्या आसपास धरून ठेवलं. परत आल्यावर प्रत्येक पानावर तीन ठिकाणी हार्डनेस बघितला: ४३, ४४, ४४. एका पानावर ४६. चालेल.

आत देताना पानांना कमान आधीच दिलेली असावी आणि वाकडी होऊ नयेत म्हणून उभी टांगायला सांगावं. हे भट्टीवाल्यांनीच सांगितलं. आपण सांगायला गेलो असतो तर उलटं सांगितलं असतं.

३१ मार्च

आजचा दिवस पाटेवाल्या मामांचा. वय सत्तरीच्या पुढं. ट्रकच्या पाट्यांवर आयुष्य गेलं, आता सकाळी चारेक तास काम करतात. मी पानं समोर ठेवली. त्यांनी एकेक पान उचलून नखानं टिचकी मारली, कानाजवळ नेलं आणि जुन्यातली दोन बाजूला टाकली.

“ही तापवलीत कुणी?”

सांगितलं.

“तरीच. ह्यास्नी हात लावायचा न्हाई. दुसरी आन.”

आणायची गरज पडली नाही, नव्या पट्टीतली दोन जास्त करून ठेवली होती.

मामांनी फरशीवर आधी खडूनं एक कमान काढली. माप मागच्या उजव्या मूळ पाट्यावरून आणि पुस्तकातल्या आकड्यांवरून मिळून ठरवलं होतं. मग पान मधोमध खोलगट असलेल्या ठोकळ्यावर आडवं धरलं आणि हातोडा. मोठा घाव एकही नाही. टोकापासून सुरुवात करून बोटभर सरकायचं, एक घाव. पुन्हा बोटभर, पुन्हा एक. आवाज सगळीकडं सारखा. मध्येच आवाज जड आला की थांबून पान उलटं करून बघायचे. दर दोन फेऱ्यांनी पान फरशीवरच्या खडूच्या रेघेवर ठेवायचं. रेघ कुठं झाकली जाते, कुठं उघडी राहते, तेवढंच बघायचं. पानावर हातोड्याच्या खुणा बारीक उठतात, खोल उठत नाहीत. खोल उठल्या की पानात खोट आली म्हणून समजायचं.

वरून खाली येताना प्रत्येक पानाला कमान थोडी जास्त दिली. पानं एकावर एक ठेवली तर मध्ये फट दिसते, टोकं टेकलेली असतात. सेंटर बोल्ट आवळला की फट मिटते आणि पानं एकमेकांना दाबून धरतात. “फट नसंल तर पाटं न्हवं, नुसती पट्ट्यांची चळत,” मामा म्हणाले. पहिल्या दुकानातून आलेल्या पाट्यांत ही फट नव्हती. तेव्हा मी ती बघितलीही नव्हती, म्हणजे बघायची असते हेच माहीत नव्हतं.

चार पाट्यांचे ४,००० घेतले. आणि चहा त्यांनीच पाजला.

७ एप्रिल

पाटे गाडीला लावण्याआधी प्रेसवर दाबून घेतले. हेही मामांचंच सांगणं. नवा ओढलेला पाटा पहिल्यांदा दाबला की थोडा बसतोच. तो गाडीखाली बसण्यापेक्षा प्रेसखाली बसलेला बरा. जवळजवळ सपाट होईपर्यंत दाबायचं, सोडायचं, कमान मोजायची, पुन्हा दाबायचं. पहिल्या दाबाला पुढच्या डाव्यानं दीड सूत सोडलं, दुसऱ्याला अगदी किंचित, पुढं काही नाही. आकडा थांबला की पाटा तयार.

प्रेस हाताशी होताच म्हणून पुढच्या दोन पाट्यांवर सारखंच वजन टाकून कोण किती दबतो ते बघितलं. उजवा कमी दबला, डावा जास्त. दोन्हींची पानांची संख्या सारखी, मेन पाटे दोन्ही नवे आणि एकाच जाडीचे. फरक मधल्या मूळच्या पानांचा.

इथं कोडं सुटलं. या जीपचे पुढचे दोन पाटे एकसारखे नसतात. डावा मुद्दाम कडक असतो. डावीकडं ड्रायव्हर, त्याच्याच सीटखाली पेट्रोलची टाकी. टाकी १५ अमेरिकन गॅलनची, म्हणजे ५७ लिटरच्या आसपास; भरली की चाळीस किलोंवर वजन. ड्रायव्हर धरून शंभराच्या वर किलो सगळे एका बाजूला. आमच्या गाडीत कडक पाटा उजवीकडं होता. आपल्याकडच्या मिस्त्रीच्या डोक्यात ड्रायव्हर उजवीकडंच बसतो, त्यामुळं कधीतरी कुणीतरी “जड बाजूला जड पाटा” असा हिशेब करून बरोबर उलटं बसवलं असणार. नंतरच्यांनी कलती गाडी बघून डाव्यात ट्रॉलीची पानं कोंबली, मग तोल जातोय म्हणून उजव्यातही वाढवली. शॉकअपही त्याच माळेतले.

मूळची पानं दोन्हीकडं अदलाबदल करून पाटे पुन्हा बांधले. आता डावा कमी दबतो.

१४ एप्रिल

शॅकल. एका जुन्या दुकानात माळ्यावरच्या खोक्यातून तीन चांगली मिळाली, ३,२०० रुपये. डाव्या आट्याचा बुश काही मिळाला नाही, तो लेथवर करून घेतला. उद्यमनगरात डावा आटा पाडून देणारे लेथवाले अजून आहेत; लीड स्क्रू उलटा फिरवून हत्यार चकपासून बाहेर नेत आटा पाडतात. बुशचं बाहेरचं माप मात्र नव्या मेन पाट्याची आय मोजून सांगा, जुन्या बुशवरून नको. जुना झिजलेला असतो आणि नवा मग आयमध्ये ढिला बसतो. १,४०० रुपये. डोक्यावर खाच पाडून घ्यायला विसरलो नाही.

जोडणी संध्याकाळपर्यंत चालली. शॅकल बसवताना दोन्ही बुश आळीपाळीनं थोडे-थोडे फिरवायचे. एकच आधी पूर्ण आटला तर यू तिरका होतो आणि फिरताना अडकतो. बसवल्यावर हातानं ढकलून शॅकल मोकळं हलतं का बघितलं, मग ग्रीस गनला हात लावला. चारही टोकांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

पानांमध्ये ग्रीस भरायचं का, यावर शेडमध्ये दोन तट पडले. मी पातळ ग्रॅफाइट लावलं, बस. जाड ग्रीस भरलं की उसाच्या ट्रॉल्यांची धूळ त्यात बसते आणि ती पानांना पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवे घेतले, १,६०० रुपये. जुने ताणलेले असतात, त्यात काटकसर करू नये. नट ५० ते ५५ फूट-पाउंडवर, गाडी चाकांवर उभी करून.

२८ एप्रिल

जोतिबाची यात्रा होऊन गेल्यावर पन्हाळ्याला नेली. यात्रेत त्या रस्त्यावर गाडी तपासणं म्हणजे गर्दीत उभं राहणं. केर्लीपर्यंत सपाट, मग वाघबिळापासून चढ. चौघं बसलो होतो, टाकी भरलेली.

खड्ड्यात गाडी दबते आणि एकदाच परत येते. स्टेअरिंग धरून ठेवावं लागत नाही. डावीकडं पूर्ण वळवलं तरी टायर मडगार्डपासून लांब. उतारावर एक गोष्ट खटकली: जोरात ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढते.

परत आल्यावर सगळे नट पुन्हा बघितले. पुढच्या डाव्याचे दोन पाऊण फेरी आत गेले. नव्या पाट्याला हे होतंच, पानं एकमेकांवर बसतात. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर आवळणं चुकवू नका. यू-बोल्ट ढिला राहिला की सेंटर बोल्ट एकटा भार घेतो आणि तुटतो.

खर्चाचा हिशेब: पट्टी, भट्टी, मामा, लेथ, शॅकल आणि बोल्ट मिळून १३,८०० रुपये. पहिल्या दुकानाचे धरले तर १८,३००. पैशांपेक्षा वेळ जास्त गेला, आणि तो निम्मा भट्टीची वाट बघण्यात आणि शॅकल शोधण्यात.

१६ जून

पाऊस सुरू झाला. गाडी शेडमध्ये जाण्याआधी पुन्हा मापं घेतली, जानेवारीतल्याच जागेवर, तीच हवा भरून.

रिकामी गाडी: पुढं डावी बाजू उजवीपेक्षा २ सूत वर. मागं दोन्ही सारख्या.

टाकी भरून, मी सीटवर बसून: पुढं अर्ध्या सुताचा फरक, मागं एक सूत.

रिकाम्या गाडीत डावी बाजू वर दिसते म्हणून एकानं पान काढायला सांगितलं. काढायचं नाही. ही जीप ड्रायव्हर आणि पेट्रोल धरून मोजायची असते.

ब्रेकची ओढ अजून आहे. दोन्ही बाजूंचे ब्रेक शू आणि सिलिंडर बघितले, ठीक आहेत. राहिला तो डाव्या पुढच्या पाट्याखालचा टॉर्क रिॲक्शन स्प्रिंगचा जादा पाटा. ब्रेक मारल्यावर ॲक्सल पिळू नये म्हणून तो दिलेला असतो. आमच्या गाडीवर तो नाहीच. कधी काढला कुणास ठाऊक. ईएन-४५ ची पट्टी शिल्लक आहे. मूळ पाट्याची कमान मोजायला एक धड जीप सांगलीकडं आहे असं कळलंय. माप आलं की पट्टी मामांकडं, आणि या वेळी भट्टीवाल्यांना आधी फोन करून त्यांचं काम कधी लागणार आहे ते विचारून.